हेमकुंडाची एक दिवसाची वाट

गढवालातील घांघरियापासून हेमकुंड जेमतेम सहा किलोमीटरांवर आहे. सपाटीवर एवढे अंतर कोणीही तास-दीड तासात चालून जाईल. परंतु घांघरिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३,०५० मीटर उंचीवर वसले आहे आणि हेमकुंडाचे सरोवर ४,३०० मीटरांच्याही वर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटरांचे. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाने हा हिशेब आधी मनाशी करावा आणि मगच तयारीला लागावे.

सरोवराकाठी हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे साठ टक्केच असतो; प्रत्येक श्वासातला प्राणवायूही त्याच मानाने घटतो. धट्टाकट्टा तरुणही त्यातून सुटत नाही. शरीराला सवय होण्यास अवधी लागतो, म्हणून घांघरियाला एकाऐवजी दोन रात्री काढाव्या आणि मधल्या दिवशी फुलांच्या घाटीत संथपणे फिरून यावे. घरी असताना महिना-दोन महिने पाठीवर थोडे ओझे घेऊन जिने किंवा टेकडी चढावी आणि उतरावी. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून निघू नये.

हजार मीटर चढले की तापमान साधारणतः सहा अंशांनी उतरते. घामाने भिजलेला सुती सदरा तिथे अंगावर गारठतो. लोकरीचे कपडे व पावसाळी कोट हवेच. उन्हाचा दाहही वर तीव्र होतो, तेव्हा टोपी आणि काळा चष्मा विसरू नये. बूट पायांना सरावलेले असावेत. पिशवीत पाणी, गूळ, फुटाणे आणि विजेरी असली म्हणजे पुरे.

सर्वांत महत्त्वाची तयारी मात्र पिशवीत मावत नाही. वर रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही आणि दुपारनंतर ढग दाटून येण्याचा संभव असतो. म्हणून पहाटे निघावे; आणि परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच सोबत्यांशी बोलून ठरवावी. ती वेळ झाली की सरोवर दिसो वा न दिसो, मागे वळावे. डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर चढू नये. बसल्या जागीही धाप लागत असेल किंवा चाल अडखळू लागली असेल, तर सोबत्याने त्या माणसाला विनाविलंब खाली आणावे.

दूरवरून आलेल्या यात्रेकरूला अर्ध्या वाटेवरून फिरणे जड जाते. एवढा खर्च केला, एवढा प्रवास केला, आता थोडक्यासाठी का परतावे, असे मन म्हणते. दमलेल्या, विरळ हवेत गुदमरलेल्या मनाचा हा कौल विश्वासार्ह नसतो. म्हणूनच तो निर्णय घांघरियात, शांत चित्ताने, आदल्या रात्री घेतलेला बरा. हिवाळ्यात गोठलेले हेमकुंड उन्हाळा आला की पुन्हा मोकळे होते. सुखरूप परतलेल्या माणसाला ती वाट पुढल्या वर्षीही खुली असते.