चकली आमची, फोटो कुणाचा?

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या सभागृहात झालेल्या छोट्या व्यावसायिकांच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला भाषणाची सवय नाही, चकलीच्या सोऱ्याची आहे. त्यामुळे बोलण्यात काही वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे फराळाचा व्यवसाय सासूबाईंनी सुरू केला, तो ओळखीच्या दहा-बारा घरांपुरता. एका घरचा डबा दुसऱ्या घरी गेला की तिसऱ्या घरून निरोप यायचा. आज तो निरोप मोबाइलवरून येतो. पण त्याआधी माणूस आपल्याला शोधतो, आपल्याबद्दल चार जणांनी काय लिहिलंय ते वाचतो आणि मगच फोन करतो. म्हणून तिथे आपण सापडतो का, तिथे आपण वागतो कसे आणि आपलं जे आहे ते राखतो कसं, या तीन गोष्टींवर बोलते. आम्ही हे चुका करत शिकलो, तेव्हा चुकाच आधी सांगते.

सापडणं

पहिली चूक अशी की गूगलवरची आमच्या व्यवसायाची नोंद ओळखीच्या एका मुलानं त्याच्या खात्यावरून केली. काम चोख झालं. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, त्याचा नंबर बदलला आणि ऐन दिवाळीत आमचा बंद पडलेला फोन नंबर त्या नोंदीवरून आम्हाला हलवता येईना. मालकी मागण्याची सोय गूगलवर आहे, तिनं शेवटी काम झालं, पण तोवर सीझन संपला होता. तेव्हा नोंद मुलानं करू दे, भाच्यानं करू दे, खातं मात्र आपलं हवं आणि पासवर्ड आपल्याकडे हवा. ही नोंद फुकट असते. ‘गूगलमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर नोंद बंद होईल’ असा फोन आला तर ठेवून द्या. फोनवर आलेला कोड कुणालाही सांगू नका.

घरातून व्यवसाय करणाऱ्या भगिनींना एक सांगते. गिऱ्हाईक घरी येत नसेल तर घरचा पत्ता लपवून फक्त ‘अमुक भागात पोहोचवतो’ एवढंच दाखवता येतं. खूप जणींना हे माहीत नसतं आणि त्या भीतीनं त्या नोंदच करत नाहीत.

दुसरी चूक नावाची. कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही नावापुढे ‘बेस्ट फराळ बडोदा’ असं जोडलं होतं. पाटीवर जे नाव आहे तेच तिथे लिहायचं, असा नियम आहे. तो मोडला तर नोंद स्थगित होऊ शकते. जवळपासच्या दुकानांत कुणाला वर दाखवायचं ते गूगल तीन गोष्टींवरून ठरवतं, हे ते स्वतःच सांगतात: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमची ओळख किती आहे. या क्रमात पैसे देऊन वर जाता येत नाही. जाहिरात वेगळी, ती तशी खूण करूनच दाखवतात.

आता शब्दांची गंमत ऐका. आम्ही सगळीकडे शुद्ध मराठीत ‘पुरणपोळी, करंजी, चकली, चिवडा’ लिहिलं होतं. शेजारच्या गुजराती बेन मात्र शोधतात वेढमी, घुघरा, चकरी आणि चेवडो. इंदूरकडच्या पाहुण्या करंजीला गुजिया म्हणतात. जिन्नस तोच, पण मोबाइलला ते कसं कळणार? सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, इथून ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ निघाला. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. ज्या गावात अनेक भाषा नांदतात तिथे सगळ्यांना समजेल असं लिहावं लागतं, हे या गावाला नवं नाही. आम्ही वर्णनात आणि पदार्थांच्या यादीत सगळे शब्द घातले: ‘करंजी, म्हणजे घुघरा, ओल्या नारळाची, दोन दिवस टिकते.’ त्यानंतर नव्या फोनांमध्ये ‘वेढमी मिळेल का?’ असं विचारणारे येऊ लागले.

बाकीचं थोडक्यात. नाव आणि नंबर सगळीकडे सारखा ठेवा. सणाच्या दिवशी बंद असाल तर तसं आधी लिहा. उन्हातान्हात येऊन कुलूप पाहिलेला माणूस परत येत नाही.

वागणं

आमच्या चकलीला एका बाईंनी दोन तारे दिले आणि लिहिलं, ‘मऊ पडली होती.’ घरात संताप. माझा पुतण्या तर उत्तर लिहायलाच बसला: ‘तुम्ही डबा उघडा ठेवला असेल.’ सासूबाई म्हणाल्या, ‘त्या दारात उभ्या असत्या तर असं बोलला असतास का रे?’ तो मोबाइल बाजूला ठेवून उठला.

तेव्हापासून आमचा नियम असा. उत्तर एकदाच, दोन ओळींत: चूक झाली, क्षमस्व, कृपया फोन करा. पुढचं बोलणं फोनवर. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, कधी काय मागवलं ते चारचौघांत लिहायचं नाही. ते उत्तर त्या बाईंपेक्षा पुढचे पन्नास जण वाचणार असतात.

पुण्याच्या मावसबहिणीकडून, अमेरिकेतल्या जावेकडून पाच तारे लिहून घेण्याचा मोह मलाही झाला होता. ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी चवीबद्दल लिहिणं म्हणजे खोटं. ‘पाच तारे द्या, पाव किलो चिवडा न्या’ हेही गूगलच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनं तर २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. १९००० हे मानकच काढलंय. डबा देताना ‘आवडलं तर लिहा, नाही आवडलं तर मला सांगा’ एवढं म्हणणं पुरतं.

आणि व्हॉट्सॲप! विचारल्याशिवाय कुणाला ग्रुपमध्ये घालू नका. तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट यादी बरी. ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच तो निरोप पोहोचतो, म्हणजे नको असलेल्यांना त्रास नाही. आपल्या मंडळाचा ग्रुप आरतीच्या वेळांसाठी आहे, शंकरपाळ्यांच्या भावासाठी नाही, हे मी स्वतःलाही सांगते.

राखणं

एका दिवाळीत सुरतेहून एका बाईंचा फोन आला. ‘तुमच्या करंज्या खवट निघाल्या.’ आम्ही सुरतेला काही पाठवलंच नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की तिथल्या कुणीतरी आमचा फोटो लावला होता. सासूबाईंचं पितळी ताट आणि कडेचा पोचासुद्धा स्पष्ट दिसत होता. माल त्यांचा, ताट आमचं आणि बदनामीही आमची.

आमचे हे म्हणाले, आजच तक्रार ठोकू. तक्रारीसाठी आमचं पान उघडलं आणि माझं लक्ष शंकरपाळ्यांच्या फोटोकडे गेलं. तो आमचा नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत घाईत मीच नेटवरून उचलला होता. कुणाच्या तरी घरचं ताट आमच्या पानावर वर्षानुवर्षं मांडलेलं होतं. त्या रात्री आधी तो फोटो काढला, मग पत्र लिहिलं.

समोरची निघाली माझ्यासारखीच घरातून व्यवसाय करणारी. म्हणाली, ‘नेटवरचं सगळं फुकटच असतं ना, बेन?’ मीही तेच समजत होते. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो काढला. फोटोचं प्रकरण मिटलं, पण फोन करणाऱ्या बाईंनी आमच्याकडून कधीच काही मागवलं नाही.

तर कायदा थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं आपण काढलेल्या फोटोवर, आपण लिहिलेल्या वर्णनावर आपला हक्क आपोआप असतो. नोंदणी सक्तीची नाही. फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतला असेल तर, वेगळा करार नसल्यास, हक्क आपला. पाककृतीच्या युक्तीवर मात्र असा हक्क नाही, ती लिहिण्याच्या आपल्या शब्दांवर आहे. दुकानाच्या नावाचं संरक्षण ट्रेडमार्कनं होतं. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येतं. ‘पुरणपोळी’ हा शब्द कुणालाच आपल्या मालकीचा करता येणार नाही, तेव्हा नाव जरा वेगळं ठेवा.

चोरी झालीच तर आधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, लिंक जपा, मग सभ्य पत्र. नाही ऐकलं तर ज्या ठिकाणी फोटो लावलाय त्यांच्याकडे कॉपीराइटची तक्रार करा. तो अर्ज सगळ्या मोठ्या साइटवर असतो. मूळ, न कापलेला फोटो फोनमधून पुसू नका, तोच आपला पुरावा.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. दुसऱ्याच्या मोबाइलवर आपलं दुकान शोधून पाहा. नंबर, वेळ बरोबर आहे का बघा. उसना फोटो असेल तर काढून टाका. आणि उद्या सकाळी खिडकीतल्या उजेडात आपल्या ताटाचा एक फोटो काढा. आमच्या पानावर आता शंकरपाळ्याही त्याच पोचा पडलेल्या ताटात आहेत. लोक त्या ताटावरून आम्हाला ओळखतात.

 गणपती बाप्पा मोरया!