आधी वेळ विचारू, मग वय

कोल्हापूर-बेळगावहून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ, गडहिंग्लज, आजरा, चंदगडचे डॉक्टर मित्र आणि आमच्या आशाताई,

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर जिथे धारातीर्थी पडले, त्या नेसरीत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत.

मी इथला फॅमिली डॉक्टर. पक्षाघाताला आमच्याकडे ‘वारं गेलं’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींवरून असंच वारं गेलं. सकाळी भाकरी थापताना उजवा हात परातीतच गळाला, तोंड वाकडं झालं. घरच्यांनी तेल चोळलं, चहा पाजून पाहिला; तो ओठांच्या कडेनं ओघळला. मला बोलावलं तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि मी म्हणालो, ‘वय झालंय, आता घरीच सांभाळा.’ आजी पुढे दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. आदल्या दिवसापर्यंत त्या स्वतः शेण-घाण काढत होत्या, हे मी विचारलंच नव्हतं.

गुठळीनं मेंदूची मोठी धमनी तुंबून वारं गेलं असेल, तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत न्यायची आणि जाळीत गुठळी पकडून बाहेर ओढायची, या उपचाराचा उपयोग २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी सिद्ध केला. पुढच्या वर्षी त्यांतल्या १,२८७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्यांनाही फायदा दिसला. म्हातारपणी धमन्या वळणावळणाच्या होतात, दगावण्याचा धोकाही तरुणांपेक्षा जास्त, हे खरंच. पण मोठी धमनी तुंबलेली तशीच ठेवली, तर त्याहून वाईट होतं. २०१८ पासून, स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला तर, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत ही गुठळी काढता येते. म्हणून सावकाश निघायचं, असं मात्र नाही. मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात.

तेव्हा दारात पाऊल टाकताच आपण विचारावं: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? आधी आपलं आपण करत होत्या का? वय त्यानंतर.

दुसरं, आम्हाला बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ. गाडी कुठे वळवायची, हे रुग्णाला आत घातल्यावर ठरवायचं नसतं. गुठळी काढण्याची सोय रात्री-अपरात्री कुठे चालू असते, आधी फोन कुणाला करायचा, हे आज इथेच ठरवून उठूया.

आशाताई मागच्या रांगेत बसल्या आहेत. वारं गेलेल्या माणसाच्या घरी सगळ्यांत आधी त्याच पोचतात. चर्चेच्या वेळी माइक पहिल्यांदा त्यांच्याकडे द्यावा, ही यजमान म्हणून माझी विनंती.