पत्ता सापडला, पण कोणाचा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारातील मांडवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला सांगितलं, "काका, कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेवर पंधरा मिनिटं बोला, पण लोकांना झोप येईल असं नको." म्हणून आज मी उपदेश करणार नाही. माझीच एक चूक सांगणार आहे. इथल्या काही जणांना ती माहीत आहे, पण पूर्ण कोणालाच माहीत नाही.

आपण इथे राहायला आलो तेव्हा मीरा-भाईंदरला महानगरपालिकाही नव्हती, नगरपरिषद होती. महानगरपालिका 2002 साली झाली. टँकरच्या पाण्यासाठी रात्री दोन-दोन वाजता बादल्या घेऊन आपण रांगेत उभे राहिलो आहोत. त्या रांगेत जी ओळख झाली तिच्यावर ही सोसायटी उभी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. जुन्या एक्स्चेंजमध्ये कोणाला त्रास देणारे फोन येत असतील तर ते कुठून येतात हे शोधायचं काम आम्हाला करावं लागे. एक जण लाइन धरून ठेवायचा, दुसरा यंत्रांच्या रांगांमधून वायर आणि स्विच बघत मागे मागे जायचा. फोन दुसऱ्या एक्स्चेंजमधून आलेला निघाला की तिथल्या माणसाला सांगायचं, "आता तू पुढे बघ." तेवढ्यात समोरच्याने फोन ठेवला की सगळी मेहनत पाण्यात! तर अशा माणसाला "माग कसा काढायचा हे मला कळतं" असा गर्व असणारच. तो मला होता.

मी खजिनदार होतो तेव्हाची गोष्ट. सोसायटीचे सगळे हिशेब माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर असायचे. कोणाचं किती येणं बाकी, शेअर सर्टिफिकेटच्या नोंदी, तुम्हा सगळ्यांचे फोन नंबर. मुलीकडे पुण्याला गेलो तरी हिशेब बघता यावेत म्हणून मी त्यावर रिमोट डेस्कटॉप सुरू केलं आणि राउटरमधून त्याला बाहेरची वाट उघडून दिली. म्हणजे घराचा मागचा दरवाजा उघडा ठेवला आणि वर त्याला सोय म्हटलं.

एक दिवस सकाळी कॉम्प्युटर मलाच आत घेईना. चुकीचे पासवर्ड फार वेळा टाकले गेल्यामुळे खातं काही वेळासाठी बंद केलं आहे, असं तो म्हणाला. मी तर एकदाही पासवर्ड टाकला नव्हता.

थोड्या वेळाने आत गेलो आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजमध्ये हा सगळ्यांकडे असतो, पण आपण कधी बघत नाही. वॉचमनच्या केबिनमधल्या वहीसारखाच तो असतो, कोण आलं आणि किती वाजता आलं ते लिहिलेलं. त्यात 4625 क्रमांकाची नोंद म्हणजे कोणीतरी आत यायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. 4624 म्हणजे आत आला. माझ्याकडे एका रात्रीत 4625 च्या हजारो नोंदी होत्या. ॲडमिन, टेस्ट, युजर अशी नावं घेऊन कोणीतरी दार वाजवत होतं. बाहेरून आलेली 4624 ची नोंद एकही नव्हती. तुमचे हिशेब वाचले. पण माझे हातपाय थंड पडले होते.

प्रत्येक नोंदीत समोरच्याचा आयपी पत्ता होता. इंटरनेटवर तो पत्ता कोणत्या कंपनीकडे आहे आणि साधारण कोणत्या गावचा आहे हे कोणालाही फुकट बघता येतं. मी एकेक टाकत गेलो. बहुतेक परदेशातले निघाले. आणि एक पत्ता, जो रोज रात्री न चुकता यायचा, तो निघाला मीरा-भाईंदरचा!

झालं. माझ्या डोक्यात लगेच एक चेहरा आला. बी विंगमधला कॉम्प्युटर शिकणारा एक मुलगा. रात्री दोन वाजता ज्याच्या खिडकीत दिवा दिसतो असा तो एकटाच. मी पुढचा-मागचा विचार न करता कमिटीच्या बैठकीत ते नाव घेतलं. त्याच्या वडिलांना बोलावलं. टँकरच्या रांगेत माझ्या पुढे उभा राहणारा हा माणूस. ते एक शब्द बोलले नाहीत. मान खाली घालून उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगाच माझ्या दारात आला. म्हणाला, "काका, तो पत्ता मला दाखवाल का?" आवाज चढवला नाही की काही नाही.

त्याने आधी मला एक गोष्ट समजावली. हल्ली इंटरनेट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता देतात. अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी असावी तसं. त्यामुळे पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला असं होत नाही. नकाशावर दिसतं ते गावही अंदाजाने दिलेलं असतं. मग त्याने स्वतःच्या घरचा पत्ता काढून दाखवला. तो वेगळाच होता. मी गप्प झालो.

नंतर तो म्हणाला, "काका, घरगुती कनेक्शनचा पत्ता सहसा बदलत राहतो. हा महिनाभर एकच आहे. म्हणजे कोणीतरी पैसे भरून कायमचा पत्ता घेतलाय. आपल्याकडे असा कोणी घेतलाय का?"

आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण घेतला होता. मीच घेतला होता, सोसायटीच्या नावावर. कमिटीच्या सदस्यांना मोबाइलवर सीसीटीव्ही दिसावा म्हणून.

आम्ही दोघे वॉचमनच्या केबिनमध्ये गेलो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आतून कॅमेरेवाल्याने कागद चिकटवलेला होता. त्यावर तोच पत्ता. खाली युजरनेम ॲडमिन आणि पासवर्ड कारखान्यातून आला तसाच. चोरांवर नजर ठेवायला आपण जो डबा आणला, त्याच्यातच चोर शिरला होता आणि तिथे बसून माझ्या घराचं कुलूप हलवत होता. त्या मुलाच्या खिडकीतला दिवा परीक्षेच्या अभ्यासाचा होता.

अशी गत फक्त आपलीच झालेली नाही. 2016 साली मिराय नावाचा एक प्रोग्राम जगभर पसरला. कारखान्यातून येणारी साठेक नावं-पासवर्ड त्याला पाठ होती. त्या जोरावर त्याने कॅमेरे, डीव्हीआर, राउटर अशी लाखो यंत्रं ताब्यात घेतली. 21 ऑक्टोबर 2016 ला अशाच यंत्रांनी अमेरिकेतल्या डाइन नावाच्या कंपनीवर एकदम हल्ला केला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. माग काढणाऱ्याला काय दिसलं असेल? कोणाच्या तरी घरचा कॅमेरा. त्या घरातल्या माणसाला तर पत्ताच नाही.

त्याच ऑक्टोबर महिन्यात आपल्या मीरा रोडचं नाव जगभर गेलं. तुम्हाला आठवत असेल, ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली आणि सुमारे सत्तर जणांना अटक. अमेरिकेतल्या लोकांना "आम्ही टॅक्स खात्यातून बोलतो, पैसे भरा नाहीतर अटक" अशा धमक्या इथून जात होत्या. तिकडच्या माणसाला वाटायचं, फोन अमेरिकेतूनच आलाय. म्हणजे पडद्यावर अमेरिका दिसते आणि माणूस मीरा रोडला असतो. माझ्या पडद्यावर मीरा-भाईंदर दिसलं आणि माणूस कुठे होता, देव जाणे.

कारण आमचा माग तिथेच, त्या डीव्हीआरपाशी संपला. त्याच्या मागे कोण होतं याची नोंद त्या डब्यात नव्हती.

शेवटपर्यंत माग काढलेला एक माणूस आहे. क्लिफर्ड स्टोल. खगोलशास्त्रज्ञ, अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायचा. 1986 साली हिशेबात फक्त 75 सेंटचा फरक आला आणि तो त्याच्या मागे लागला. खजिनदार मंडळींनी त्याचा फोटो लावावा! घुसखोर दुसऱ्या संस्थांच्या कॉम्प्युटरमधून फिरून येत होता. शेवटी धागा जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात पोचला. तिथलं एक्स्चेंज आमच्यासारखंच जुनं, हाताने माग काढायचं. घुसखोराने जास्त वेळ लाइनवर राहावं म्हणून स्टोलने खोट्या सरकारी कागदांचा ढीग रचून ठेवला, आणि तो वाचत बसला तेव्हा सापडला. पण याला कित्येक महिने लागले, आणि टेलिफोन कंपन्या व दोन देशांच्या तपास यंत्रणा मदतीला आल्या तेव्हाच जमलं. त्या पत्त्यामागचं दार घरी बसून आपल्याला उघडता येत नाही. ते पोलिसांनी विचारलं तर कंपनी उघडते.

मग आपण काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

एक, नोंद जपून ठेवा. तारीख, सेकंदापर्यंत वेळ, समोरचा पत्ता आणि मिळाला तर पोर्ट क्रमांक. एका पत्त्यामागे शेकडो घरं असतील तर कंपनी नेमकं घर वेळ आणि पोर्टवरूनच ओळखते. राउटरचं घड्याळ भारतीय वेळेत आहे का तेही बघा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि भलत्याच घराची बेल वाजते.

दोन, उशीर करू नका. 2022 च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा नोंदी 180 दिवस ठेवायच्या असतात. सहा महिन्यांनी गेलात तर हाती काही लागेलच असं नाही. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा. बाकी तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, आणि 2020 पासून आपल्याकडे मीरा-भाईंदर, वसई-विरारचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे.

तीन, उलटा हल्ला करायला जाऊ नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे बेकायदाच आहे, समोरचा चोर असला तरी. आणि समोर बहुधा चोर नसतोच, कोणाचा तरी कॅमेरा असतो.

चार, आज घरी गेल्यावर राउटरचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला. बाहेरून उघडलेल्या वाटा लागत नसतील तर बंद करा. आपण डीव्हीआर पूर्ण पुसून घेतला, पासवर्ड बदलला, बाहेरची वाट बंद केली. त्या रात्रीपासून तो पत्ता माझ्या नोंदीत आला नाही. कपाटातला कागदही काढून टाकलाय, उगाच बघायला जाऊ नका!

आता राहिली शेवटची गोष्ट. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो, सगळ्यांसमोर त्या मुलाची आणि त्याच्या वडिलांची माफी मागितली आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली. नाव मी बंद खोलीत घेतलं होतं, पण ते जिन्या-जिन्यावर पोचलं होतं. म्हणून माफी उघड्यावर हवी होती. सभा संपल्यावर वडील जवळ आले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही आधी मला विचारायचं होतं. आपण रांगेत उभे राहिलेली माणसं."

पंचवीस वर्षांत सोसायटीने लिफ्ट बदलली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, कॅमेरे लावले. पुढच्या पंचवीस वर्षांत आणखी पुष्कळ यंत्रं येतील आणि ती आपल्याला पत्ते दाखवत राहतील. पत्ता दिसला की नोंद करा, तक्रार करा. पण शेजाऱ्याचं नाव घेण्याआधी त्याच्या दाराची बेल वाजवा आणि त्यालाच विचारा. मी ते केलं असतं तर त्या घरात तो एक दिवस आलाच नसता.

तो मुलगा आज नोकरीला आहे आणि आपले कॅमेरे तोच बघतो. नाव घेऊ नका म्हणालाय, म्हणून घेत नाही. टाळ्या मात्र वाजवा.