करुणा, न्याय आणि क्षमा : सिस्टर राणी मारिया यांचे उदयनगर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



इंदूरच्या मराठी माणसाला देवास परके नाही. टेकडीवरची देवी, पवारांची थोरली आणि धाकटी पाती, कुमार गंधर्वांचे दीर्घ वास्तव्य यांमुळे हे नाव इथल्या घरांत आपुलकीने घेतले जाते. त्याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, डोंगराळ मुलखात, उदयनगर हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. तिथे एका धर्मभगिनीची समाधी आहे. केरळात जन्मलेल्या आणि माळव्याच्या मातीत विसावलेल्या या स्त्रीचे नाव सिस्टर राणी मारिया. आजच्या व्याख्यानाचा विषय त्यांचे जीवन आणि त्यातून उभा राहणारा एक प्रश्न हा आहे : दुःखिताचे अश्रू पुसणे आणि त्या अश्रूंचे कारण दूर करणे, या दोहोंचे नाते काय?

एर्नाकुलम जिल्ह्यातील पुल्लुवळी या गावी, एका शेतकरी कुटुंबात, 29 जानेवारी 1954 रोजी त्यांचा जन्म झाला. 1972 साली त्यांनी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश केला. असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत क्लारा यांचा आदर्श मानणारा हा संघ केरळातच 1888 मध्ये स्थापन झाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते त्यातील प्रत्येक भगिनी घेते.

तो काळ कॅथलिक धर्मजीवनातील मोठ्या परिवर्तनाचा होता. 1962 ते 1965 या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसंघांना आपल्या मूळ प्रेरणेकडे वळून काळाची हाक ऐकण्यास सांगितले होते. 1971 मध्ये रोम येथे जगभरच्या बिशपांची सभा झाली. न्यायासाठी झटणे हा सुवार्तेच्या घोषणेचाच अंगभूत भाग आहे, असा निर्वाळा त्या सभेने दिला. शाळा, रुग्णालये आणि अनाथालये धर्मभगिनी पूर्वीपासून चालवीत होत्याच. आता त्यांच्यापैकी अनेकींच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला. भुकेल्याला अन्न द्यावे हे खरे. परंतु जो स्वतः शेत पिकवतो तो भुकेला का राहतो?

सिस्टर राणी मारिया यांची वाटचाल याच प्रश्नाच्या मागोमाग झाली. उत्तर प्रदेशातील बिजनोर येथे त्यांनी आरंभी शाळेत अध्यापन केले आणि पुढे समाजकार्य स्वीकारले. 1983 पासून त्या मध्य प्रदेशातील ओडगडी येथे होत्या. 1992 साली त्या उदयनगरला आल्या. मल्याळम ही त्यांची मातृभाषा. परंतु ज्यांच्यात राहायचे त्यांची भाषा त्यांनी आपली केली. ज्यांचे पूर्वज होळकरांच्या काळी दक्षिणेतून माळव्यात आले, त्या घरांना परक्या मुलखात रुजणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको.

उदयनगरच्या परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांच्या गळ्यात सावकारीचा फास होता. हा फास कसा आवळला जातो हे शेतीशी परिचित असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी हात पसरावा लागतो. चांदीचे दागिने गहाण पडतात, कोऱ्या कागदावर अंगठा उमटतो. पीक हाती येते ते सावकाराच्या भावाने सावकाराच्याच ओसरीवर जाते, आणि मुद्दल मात्र जिथल्या तिथे राहते. वेठबिगार नष्ट करणारा कायदा देशात 1976 साली झाला. तथापि ज्याला कायदा वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने तो नसल्यातच जमा असतो.

अशा ठिकाणी केवळ दयाबुद्धीने आलेला माणूस धान्याची पोती वाटून परत गेला असता. त्यावर कोणी रागावलेही नसते. सिस्टरांनी निराळा मार्ग धरला. त्या पाड्यापाड्यांवर पायी गेल्या. त्यांनी लोकांना एकत्र बसवले, बचतीची सवय लावली, शासनाच्या योजनांची माहिती दिली. बँकेचे कर्ज शेतकऱ्याला थेट मिळावे म्हणून त्या त्याच्यासोबत उभ्या राहिल्या. बँकेच्या दारात पोहोचलेला शेतकरी सावकाराच्या दाराशी फिरकेनासा झाला. करुणेचे न्यायात रूपांतर होते ते अशा साध्या, कागदोपत्री वाटणाऱ्या कामातून. आणि ज्यांचे हितसंबंध दुखावतात त्यांच्या ते चटकन ध्यानात येते.

25 फेब्रुवारी 1995 रोजी सकाळी सिस्टर उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये बसल्या. इंदूरहून त्यांना पुढील प्रवासास जावयाचे होते. वाटेत नाचनबोरच्या टेकडीपाशी एका तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. त्यांच्या देहावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. वय अवघे एकेचाळीस. बस प्रवाशांनी भरलेली होती. त्यांना वाचवण्यास कोणी पुढे आले नाही.

मारेकऱ्यास जन्मठेपेची शिक्षा झाली. ही स्त्री आदिवासींचे धर्मांतर करते असे आपल्या मनावर बिंबवण्यात आले होते आणि प्रस्थापितांच्या चिथावणीने आपण हे कृत्य केले, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले. ज्यांना हिशेबाची भीती वाटते, ते अनेकदा धर्माची ढाल पुढे करतात. कर्जमुक्त झालेल्या शेताला मात्र धर्म नसतो.

ही कथा येथेच संपली असती तर ती एका हौतात्म्याची कथा झाली असती. ती पुढे गेली ती सिस्टरांच्या धाकट्या बहिणीमुळे. सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघातील धर्मभगिनी. तुरुंगातील बंदीजनांमध्ये कार्य करणारे स्वामी सदानंद हे कॅथलिक धर्मगुरू मारेकऱ्यास भेटत असत. 2002 च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास सिस्टर सेल्मी इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि आपल्या बहिणीचे प्राण घेणाऱ्या हातावर त्यांनी राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेस अनुकूलता दर्शवली. 2006 मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात सिस्टरांच्या घरी गेला, तेव्हा त्यांच्या वृद्ध मातेने, एलिश्वा यांनी, त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, ही त्यामागची त्या माउलीची भावना होती.

या क्षमेचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण तिची थोरवी सांगताना एक घोटाळा सहज होतो. येथे क्षमा न्यायाच्या जागी आलेली नाही. खटला चालला, अपराध सिद्ध झाला, शिक्षेची वर्षे भोगली गेली. क्षमा त्यानंतरची आहे. शिवाय ज्यांनी क्षमा केली त्यांचेच माणूस गेले होते. दुसऱ्याच्या दुःखावर परस्पर क्षमेचे शिक्कामोर्तब करण्याचा अधिकार कोणालाही नाही. अन्याय सोसणाऱ्या गरिबाला ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगणे याला क्षमाशीलता म्हणत नाहीत. सिस्टर राणी मारिया यांनी उदयनगरच्या शेतकऱ्याला सावकारास क्षमा करण्याचा उपदेश केला नाही. त्यांनी त्याला बँकेचा रस्ता दाखवला.

म्हणून या दोन बहिणींची जीवने एकत्र पाहावी लागतात. न्यायाविना करुणा ही जखमेवरची पट्टी ठरते. जखम करणारा हात मोकळाच राहतो. करुणेविना न्याय हा सूडाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. एका बहिणीने करुणेला न्यायापर्यंत नेले, दुसरीने न्यायाला पुन्हा करुणेपर्यंत आणले. हे वर्तुळ पूर्ण होण्यासाठी एकीचे आयुष्य आणि दुसरीचे सात वर्षांचे मौन दुःख खर्ची पडले.

4 नोव्हेंबर 2017 रोजी याच इंदूर शहरात कॅथलिक चर्चने सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी होय. त्या सोहळ्यास त्यांचा मारेकरीही उपस्थित होता.

श्रोतेहो, वेदीवर प्रतिमा बसली की व्यक्ती दूर जाते, हा सर्व धर्मांतील अनुभव आहे. तसे होऊ नये म्हणून एक दृश्य स्मरणात ठेवणे पुरेसे आहे, आणि ते दृश्य त्या बसचे आहे. त्या बसमधील प्रवासी दुष्ट नव्हते. भय, गोंधळ आणि ‘आपला काय संबंध’ ही जुनी सवय त्यांच्या आड आली. समाजातील बहुतेक अन्याय मूठभरांच्या हातून घडतात आणि बसभर माणसांच्या स्तब्धतेमुळे तडीस जातात.

साठ वर्षे एखादी शाळा परप्रांतात आपली भाषा जपते, तेव्हा ती मुलांच्या हाती अक्षरे देते. त्या अक्षरांचे काय करावे, हे उदयनगरची ती समाधी सुचवते. अंगठा उमटण्याआधी कागद वाचून दाखवणारा कोणीतरी शेजारी उभा असावा. बस थांबते तेव्हा जागेवरून उठणारा कोणीतरी असावा. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिढीत असे थोडे जरी निपजले, तरी हीरक महोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.