मदत, कर्ज आणि पत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याचा मान दिलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. ऋणाचाच विषय घेते.

आपल्या वडवणीकडे ऋण म्हटले की आठवते ती ऊसतोडीची उचल. पावसाळ्यात मुकादमाकडून पैसे येतात, आणि दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागते. नवरा-बायकोचे कष्ट आधीच विकले गेलेले असतात. हेही कर्जच! तेव्हा कर्ज मिळाले की दारिद्र्य गेले, असे मी कशी म्हणू?

मग मदतच बरी का? दुष्काळात धान्य हवे, निराधार बाईला अनुदान हवे. उपाशी माणसाला हप्ता सांगू नये. परंतु मदत सरली की हात पुन्हा रिकामा.

बचत गटाची रीत निराळी. आधी साठवायचे, मग मागायचे. दहाजणींनी दरमहा शंभर रुपये टाकले तर वर्षाला बारा हजार होतात. त्यातून एकीने शेळीसाठी पाच हजार घेतले, तर शेकडा दोनप्रमाणे महिन्याचे शंभर रुपये व्याज गटातच राहते. सावकाराने शेकडा पाच लावले, तर अडीचशे त्याच्या घरी जातात. १९९२ साली नाबार्डने असे गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला. त्यामुळे दागिना गहाण न ठेवता गटाच्या वहीवर कर्ज मिळू लागले.

म्हसवडच्या बायकांनी तर बँकच काढली. काही सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने त्यांचा अर्ज नाकारला. त्या लिहायला शिकल्या, चेतना सिन्हा यांच्यासह पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी विचारा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांनी दान मागितले नाही, पत मागितली.

पण सावध असा. आंध्र प्रदेशात एकेका बाईला अनेक कंपन्यांनी कर्जे दिली, वसुलीचा जाच वाढला, आणि २०१० साली सरकारला कायदा करावा लागला. एक हप्ता फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणे म्हणजे पुन्हा उचलच!

म्हणून कर्जाच्या कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: पैसा कशात घालणार? हप्ता कोठून येणार? आणि पैसा खर्च कोणाच्या हातून होणार, माझ्या की घरधन्याच्या? तिन्हींची उत्तरे आली, तरच पुढे पाऊल टाका.

पुढल्या हंगामात आपल्यापैकी एकीला जरी उचल घ्यावी लागली नाही, तरी मंडळाचे सार्थक झाले असे मी समजेन.