न शिकलेल्याला पाडताना

(हनुमान जयंतीनिमित्त एका तालमीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्यवसायाने पत्रकार आहे. माझ्या नावावर गदा नाही, किताब नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी सहा वर्षे तालमीत घाम गाळला, एवढीच माझी पात्रता. असा माणूस आजच्या दिवशी बोलावयास उभा राहिला म्हणजे त्याने कुस्तीची थोर परंपरा सांगावी, अशी अपेक्षा असते. ती परंपरा माझ्यापेक्षा तुम्हीच अधिक जाणता. म्हणून मी आज माझ्या एका फजितीची आणि त्यानंतर घडलेल्या एका चुकीची कथा सांगणार आहे. तिच्यात कुस्तीचे एक मर्म दडलेले आहे, असे मला वाटते.

सर्वसाधारण माणसाची समजूत अशी असते की, तालमीतला पैलवान एखाद्या न शिकलेल्या माणसासमोर उभा राहिला, तर क्षणार्धात निकाल लागावा. ज्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे, ते मात्र हा प्रश्न निघाला की किंचित हसतात आणि गप्प बसतात. कारण अनेकदा तसे घडत नाही. असे का व्हावे?

हौद्यातला हमाल

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एके दिवशी आमच्या तालमीत बाजार समितीच्या आवारात पोती वाहणारा एक हमाल आला. वय माझ्याएवढेच, वजनही जवळजवळ तेवढेच. त्याने लंगोट कधी लावला नव्हता. केवळ हौस म्हणून आला होता. वस्तादांनी मला खूण केली, "जा, जरा खेळव त्याला." मी शड्डू ठोकला आणि मोठ्या रुबाबात हौद्यात उतरलो.

त्यानंतरची दहा मिनिटे मी आयुष्यात विसरलो नाही. सलामी झाली. मी खडाखडी सुरू केली, मानेवर हात टाकला, हूल दिली. समोर काहीच प्रतिसाद नाही! तालमीतला गडी हूल मिळताच पाय मागे घेतो, हात आडवा घालतो, आणि त्याच क्षणी आपल्याला वाट मिळते. या गृहस्थाला ती हूल आहे हेच कळत नव्हते. मी एकेरी पट काढावयास वाकलो, तर तो कंबर मागे टाकून माझ्या मानेवर सरळ बसलाच. ढाक लावावी म्हटले, तर दोन्ही हात खांबासारखे ताठ करून मला दूर लोटू लागला. हात धरावा तर बोटे पकडी, लंगोट ओढी, मध्येच पाठ फिरवून हौद्याच्या कडेला पळे. काठावर बसलेली पोरे आधी खुदखुदली, मग मोकळेपणाने हसू लागली. दहा मिनिटांनी वस्तादांनी कुस्ती सोडवली. निकाल काहीच लागला नाही, आणि माझ्या दृष्टीने तीच माझी हार होती.

डाव हा संवाद आहे

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वर्षांचे जोर-बैठका, शेकडो वेळा घोटलेले डाव, ते सारे गेले कुठे? उत्तर मिळावयास मला पुढे अनेक वर्षे लागली. आज ते मी असे मांडीन की, आपल्या प्रत्येक डावातील अर्धे ज्ञान समोरच्याचे असते.

आपण तालमीत कोणाबरोबर शिकतो? शिकलेल्याबरोबर. डाव, त्याची तोड, त्या तोडीवरचा पुढचा डाव अशी ती साखळी असते. हे एक संभाषण आहे आणि त्याची भाषा दोघांनाही अवगत असते. आपली हूल म्हणजे एक प्रश्न. समोरच्याने ठराविक उत्तर द्यावे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याला ती भाषाच येत नाही, त्याच्यासमोर आपले अस्खलित वक्तृत्व वाया जाते. वर्षानुवर्षे त्याच त्या जोडीदारांबरोबर सराव केला की आपण कुस्ती शिकलो, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा आपण त्या चार जोडीदारांनाच शिकलेलो असतो.

दुसरे कारण शरीरशास्त्राचे आहे. न शिकलेला माणूस घाबरला की काय करतो? पाय फाकवतो, कंबर मागे टाकतो, हात ताठ करतो. ही कोणी शिकवलेली रीत नव्हे, ती जिवाची उपजत धडपड आहे. परंतु पाय फाकले की आधार रुंदावतो, कंबर मागे गेली की आपल्या हाताला पाय लागत नाहीत आणि ताठ हातांमुळे अंतर मिटत नाही. त्यात तो माणूस रोज क्विंटलवारी ओझे पेलणारा असेल, तर तोल म्हणजे काय हे त्याच्या पायांना पुस्तकावाचून कळलेले असते. तो कुस्ती शिकलेला नव्हता हे खरे, पण तोल शिकलेला होता.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. अशा माणसाला जिंकावयाचे नसते. त्याला फक्त पडावयाचे नसते. ज्याला जिंकावयाचे असते तो पुढे येतो, आणि पुढे येणारा काहीतरी देऊन जातो. जो काहीच मागत नाही, त्याच्याकडून काही काढून घेणे फार अवघड.

याचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को यांची लढत झाली. झ्बिश्को काही नवशिका नव्हता, तो त्या काळातील जगातल्या अग्रगण्य मल्लांपैकी एक होता. परंतु गामाचे बळ जाणवताच त्याने गादीवर पालथे पडून राहण्याचा मार्ग पत्करला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलथू पाहत होता आणि तो जमिनीला चिकटून होता. लढत अनिर्णित राहिली. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत झ्बिश्कोला चीत केले. मल्ल तेच होते. मात्र लंडनमध्ये ज्याने केवळ नकार धरला होता, त्याला पाडता पाडता गामासारख्या महामल्लाचाही दिवस मावळला होता. मग तुमची-आमची काय कथा?

माझी चूक

आता त्या चुकीकडे येतो. फजिती माझ्या जिव्हारी लागली होती. पंधरवड्याने तो हमाल पुन्हा आला, तेव्हा मीच वस्तादांकडे कुस्ती मागितली. या वेळी मी हूल दिली नाही. त्याने मला लोटले, तसा मी मागे सरलो. तो झोकाने पुढे आला आणि मी अंगातला सारा राग एकवटून टांग मारली. तो हवेत उचलला गेला. पोरांनी आरोळी ठोकली.

परंतु पडताना त्याने हात टेकला. तालमीतला पोर पडताना हात आवरून घेतो, अंग गोळा करतो. त्याला हे कोण सांगणार? त्याचे मनगट मोडले.

वस्तादांनी मला मारले नाही, की रागावलेही नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुला पाडता आलं. पण पडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं होतं का?" ज्याचे पोट पाठीवरच्या पोत्यांवर चालते, त्याचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला. त्या सहा आठवड्यांत रोज पहाटे माझ्या वाट्याचे दूध त्याच्या घरी पोचवण्याची शिक्षा वस्तादांनी मला दिली. त्याची आई दारात येऊन मुकाट्याने तांब्या घेई. ती एकदाही मला वेडेवाकडे बोलली नाही, आणि मला तेच अधिक सोसवत नसे. हात बरा झाला, पण पूर्वीसारखे ओझे त्याला पुढे अनेक महिने उचलता आले नाही.

त्या दिवसापासून मला कळले की, न शिकलेल्याला पाडणे अवघड आहे आणि त्याला सुखरूप पाडणे त्याहून अवघड. शिकलेल्या गड्यावर आपण पूर्ण ताकदीने डाव टाकतो, कारण तो स्वतःला सावरील असा आपला विश्वास असतो. इथे दोघांचीही जबाबदारी एकट्या आपल्यावर येते.

मुळाकडे परतणे

मग यावर उपाय काय? जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकिओतील एका बौद्ध मंदिरात ज्यूदोची शाळा सुरू केली. त्यांनी प्रत्येक फेकीचे तीन भाग सांगितले: आधी समोरच्याचा तोल मोडणे, मग आपले अंग योग्य जागी नेणे, आणि शेवटी फेकणे. आपण घाईने तिसऱ्या भागापासून सुरुवात करतो, तिथेच फसतो. याहून मला मोलाची वाटते ती त्या विद्येची दुसरी रीत. ज्यूदोत नव्या विद्यार्थ्याला आरंभीच फेकणे शिकवत नाहीत. आधी पडावयास शिकवतात.

न शिकलेल्या माणसाला बारीक हूल कळत नाही, परंतु ठळक गोष्ट कळते. त्याला लोटले की तो उलट लोटतो, ओढले की मागे रेटतो. ही त्याची उत्तरे सोपी असतात आणि ठाम असतात. म्हणून त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे. आधी हात ताब्यात घ्यावेत, डोके त्याच्या छातीला भिडवावे, अंतर मिटवावे, त्याला एक पाऊल उचलावयास लावावे आणि त्या पावलाखालची जमीन आपली करावी. शिवाय तो पहिल्याच मिनिटात सारे बळ खर्चून टाकतो, कारण श्वास राखणे त्याला ठाऊक नसते. म्हणून पहिले मिनिट त्याचे असू द्यावे. धीर धरला, तर दुसरे आपलेच असते.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात एक स्पर्धा झाली होती. निरनिराळ्या युद्धकलांचे लोक तीत एकमेकांशी लढले. रॉइस ग्रेसी नावाचा सडपातळ ब्राझिली तरुण एकाच रात्री तीन लढती जिंकला. त्याच्या पहिल्या लढतीत समोर एक मुष्टियोद्धा होता, ज्याला झोंबीची विद्या जवळपास अवगत नव्हती. ग्रेसीने त्याला कोणत्याही चमकदार डावाने पाडले नाही. अंतर राखणे, संधी मिळताच कमरेला भिडणे आणि मिठी न सोडणे, एवढेच त्याने केले. तालमीत पहिल्या वर्षी शिकवतात त्याहून यात वेगळे काय आहे?

आपल्या मातीतले उदाहरण खाशाबा जाधवांचे. गोळेश्वरच्या या मल्लाची कुस्ती घडली मातीत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम त्यांना नवखेच होते; तिथे ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. अपरिचिताला दोष न देता त्याचाच सराव करावा, हा त्यांचा धडा मला या विषयात फार जवळचा वाटतो.

म्हणून वस्तादांना माझी नम्र विनंती आहे. महिन्यातून एखादा दिवस नवख्यांसाठी हौदा मोकळा ठेवावा. आलेल्या प्रत्येकाला आधी पडावयास शिकवावे. मग तुमच्या जुन्या पठ्ठ्यांना त्यांच्याबरोबर खेळू द्यावे, आणि दहा मिनिटांत निकाल लागला नाही तर काठावरच्या पोरांना हसू द्यावे. तो हशा पैलवानाला जे शिकवतो, ते गळ्यातला हार शिकवीत नाही.

मित्रहो, मारुतिरायाच्या मूर्तीकडे पाहताना आपल्याला त्याचे बळ दिसते. पण तो हात जोडून उभा असतो, हेही पाहत जा. अंगातले बळ कोठे आणि किती वापरावे, हे ज्याला कळले, त्यालाच ते शोभते. मला ते एका मोडलेल्या मनगटाने शिकवले. तुम्हाला ते केवळ ऐकून कळावे, एवढ्याचसाठी ही जुनी लाज आज उघड केली.