बिडाचा तवा आणि मोटारीचा ब्रेक

(वर्धापनदिनाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपल्यापैकी कुणी पाककृती सांगते, कुणी ओव्या म्हणते, कुणी मुलांच्या आरोग्यावर बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा ‘मी मोटारीच्या ब्रेकवर बोलते’ असे म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. हसण्यासारखेच आहे ते. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, आणि गाडी काही मला चालवता येत नाही. पण वाशीमच्या दवाखान्यात, रिसोडच्या बाजारात, लग्नाकार्याला जाताना तुमच्यापैकी पुष्कळजणी आमच्याच भाड्याच्या गाडीत बसता. तेव्हा त्या गाडीची हकीकत तुमच्यापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजते. शिवाय एक कबुलीही द्यायची आहे.

गेल्या दिवाळीआधी ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून करकर आवाज येऊ लागला. ह्यांनी मला सांगितले, पॅड बदलावे लागतील. घरात फराळाचा खर्च, मुलीचे माहेरपण. मीच म्हटले, ‘दिवाळी होऊ द्या, मग पाहू.’ दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, आणि पाहायचे राहूनच गेले. थंडीत अकोल्याला डोळे दाखवायला चौघीजणींना घेऊन गाडी निघाली. मीही सोबत होते. त्यातल्या तिघी आता समोरच बसल्या आहेत. मालेगाव, मेडशी मागे पडले आणि पातूरचा घाट उतरताना ब्रेकचे पायडल थरथरू लागले. गाडीत जळका वास आला. ह्यांनी गिअर खाली घेऊन गाडी हळूहळू उतरवली आणि पातूरला थांबवली. तुम्ही चहा घेत होता, हसत होता. मी चाकाकडे पाहत होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. ‘दिवाळी होऊ द्या’ म्हणणारी मीच होते ना!

हा ब्रेक असतो तरी कसा, ते आमच्या थोरल्याने मला समजावले. चाकाच्या आत एक जाड वर्तुळाकार तबकडी चाकाबरोबर फिरते. तिला डिस्क म्हणतात, पुस्तकात रोटर असेही नाव असते. आपण पाय दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमट्यासारखे धरतात आणि चाक थांबते. ही युक्ती कालपरवाची नव्हे. इंग्लंडातल्या लँचेस्टर नावाच्या इंजिनियराने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते.

आता गंमत ऐका. ही डिस्क बिडाची असते. आपल्या घरातला धिरड्यांचा तवा असतो ना, त्याच जातीची धातू. आपल्या कोल्हापुरात बिडाच्या ओतकामाचे कितीतरी कारखाने आहेत आणि तिथे मोटारींचे भाग ओततात. बीडच का, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जाड बिडाचा तवा पुष्कळ उष्णता पोटात घेतो, पातळ पत्र्याचा तवा लगेच लाल होतो. गाडीचा सगळा वेग ब्रेक लावताना उष्णता होऊन ह्या डिस्कमध्ये शिरतो. आणि वेग दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. पूर्वी आपल्या रस्त्यांनी गाडी पळणार ती किती! पण आता समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ रोजी पार मुंबईच्या बाजूपर्यंतचा, असा ७०१ किलोमीटरचा तो रस्ता पुरा झाला. त्यावर मोटारीला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. साठच्या वेगाने चालणारी गाडी थांबवायला लागते त्याच्या चौपट काम तिथे ह्याच डिस्कला करावे लागते. झिजून पातळ झालेली डिस्क लवकर तापते. मग ब्रेक ऑइल उकळते, पायडल पायाखाली खोल जाते आणि ऐन वेळी गाडी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाशीमच्या एका गॅरेजात गेलो. चाक काढले तर पॅड पार झिजून त्याच्या लोखंडाने डिस्कवर चरे पाडलेले. मिस्त्री म्हणाला, “काकू, लेथवर घासून देतो, थरथर जाते. नव्या डिस्कची काई गरज नाई.” ह्यांच्या चेहऱ्यावर बरे वाटल्याचे दिसले, कारण खर्च वाचत होता. पण डिस्कवर जाडीचा आकडा कोरलेला असतो, हे थोरल्याने मला सांगून ठेवले होते. मी वाकून पाहिले. गंजाखाली इंग्रजीत ‘मिन. टीएच. २०’ असे होते. म्हणजे वीस मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की ती टाकून द्यायची. मी म्हटले, “भाऊ, मोजून दाखवा.”

त्याने काठावर माप लावले. बावीस भरले. “पाहा, नवीच आहे!” तो म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, “तुले काय समजते त्यातलं?” मलाही क्षणभर वाटले, उगीच बोलले. पण मला आमचा पाटा आठवला. पन्नास वर्षे वाटण वाटून तो मध्ये खोल गेला आहे, आणि काठ मात्र जसाच्या तसा उंच. मी म्हटले, “भाऊ, जिथे पॅड घासते तिथे मोजा. काठाला तर पॅड लागतच नाही.” त्याने मायक्रोमीटर आणला, काठ सोडून आत मोजले. वीस आणि वर तीन दशांश. “तरी विसाच्या वरच आहे,” तो म्हणाला. मी विचारले, “चरे काढायला दोन्ही बाजूंनी घासाल, मग किती उरेल?” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “विसाच्या खाली जाईल, काकू. नवीच घ्या.” माणूस वाईट नव्हता. गिऱ्हाइकाला कमी खर्चाचे हवे असते, हे त्याच्या अंगवळणी पडले होते.

घरगुती गिरणीसाठी मी भिशीत पैसे जमवले होते. त्यातले सात हजारांवर त्या दिवशी गेले. दिवाळीआधी नुसते पॅड बदलले असते तर त्याच्या निम्म्यातही भागले असते. तो माझ्या आळसाचा दंड मी भरला.

आता डिस्क घेताना काय पाहावे, ते मोजक्या शब्दांत सांगते. गाडीच्या चासी नंबरावरूनच माल मागावा. दिसायला सारखी डिस्क जाडीने किंवा भोकांच्या अंतराने वेगळी असू शकते. दोन्ही चाकांच्या डिस्क एकदमच बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी ठेवली तर गाडी एका बाजूला ओढते. नव्या डिस्कवर जुने पॅड चढवू नयेत. पुढच्या डिस्क बहुधा पोकळ असतात, म्हणजे दोन तबकड्यांमध्ये फासळ्या आणि त्यातून वारा खेळतो. तिथे स्वस्त म्हणून भरीव डिस्क बसवू नये. दुकानदार भोके पाडलेली चकचकीत डिस्क दाखवतो. ती दिसायला छान, पण भोकापासून तडा जाण्याचा धोका असतो. आपल्या भाड्याच्या गाडीला साधीच बरी. खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव, नंबर आणि किंमत आहे ना, नव्या डिस्कवरही जाडीचा आकडा आहे ना, हे पाहून पक्के बिल घ्यावे.

बसवताना आपण जवळ उभे राहावे. नव्या डिस्कला गंज चढू नये म्हणून तेल लावलेले असते, ते पुसल्याशिवाय ती चढवू नये. जिच्यावर ती बसते त्या हबचा गंज घासून काढावा. पोळपाटाखाली खडा आला की तो डुगडुगतो, तसेच इथे होते. केसाच्या जाडीहून कमी फरकही पुढे पायाला थरथरीने कळतो. चाकाचे नट एका बाजूने न आवळता समोरासमोरचे, सारख्या जोराने आवळावेत. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक हलक्या पायाने वापरावा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. नवा तवाही आपण आधी तेल लावून वळणावर आणतोच की. आणि घाट उतरून आल्याबरोबर तापलेल्या चाकावर गार पाणी मारू नये. तापल्या बिडाच्या तव्यावर पाणी ओतले तर काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, महिन्याभराने आम्ही त्याच घाटातून पुन्हा गेलो. काहीच झाले नाही. पायडल शांत, वास नाही. मागच्या सीटवरच्या काकू झोपल्या होत्या. त्यांना झोप लागली, ह्यातच माझी गिरणी आली असे मला वाटले.

कबुली दिली, आता एकच विनंती करते. गाडीतले पुरुषांना कळते, आपल्याला काय, असे म्हणून गप्प बसू नका. कुठल्याही गाडीत बसताना करकर ऐकू आली, पाय दाबताना थरथर दिसली, तर विचारा. आमच्या गाडीत बसाल तेव्हा मला आधी विचारा. रागावणार नाही. डिस्कवरचा आकडा वाचायला सातवी पुष्कळ झाली, आणि ‘भाऊ, मोजून दाखवा’ म्हणायला तर तेवढीही लागत नाही.